सगुणाच्या लुगड्याची चिंधी

मी एक चिंधी बोलतेय. हसू नका. भागोजी मला फडकं म्हणायचा, सगुणा चिंधी म्हणते, आणि सगुणाचा माझ्यावरचा हक्क जुना, म्हणून मीही स्वतःला चिंधीच म्हणते. स्वभावाने मी जळकुटी आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे तुमच्या लक्षात येणारच आहे, मग लपवाछपवी कशाला?

सगुणाच्या लग्नात पावस गावच्या तिच्या मामाने तिला एक हिरवं सुती लुगडं घेतलं होतं, तांबड्या काठाचं. मी त्याच्या पदराजवळचा हातभर तुकडा. सगुणाने ते लुगडं पाच वर्षं अंगावर वागवलं. विहिरीजवळच्या दगडावर आपटून आपटून मी इतकी मऊ झाले की शेवटी शेवटी अंगावर आहे की नाही ते तिलाही कळत नसे. गुडघ्यावर लुगडं विरलं तेव्हा तिने घडी घालून ते पेटीत ठेवलं. पुढे गोधडी शिवायची होती.

सगुणाचा नवरा भागोजी. मुंबईला एका साहेबाकडे तो मोटार हाकायला शिकला, आणि रत्नागिरीच्या आत्मारामपंत वकिलांनी काळी मोटार घेतली तेव्हा त्यांच्याकडे ड्रायव्हर म्हणून लागला. पंतांच्या आवाराच्या मागच्या बाजूला नवराबायकोला एक खोली मिळाली होती. मोटार आली त्याच आठवड्यात भागोजीने पेटी उघडली आणि मला टर्रकन फाडून घेतलं. विचारलं नाही, सांगितलं नाही.

“माजा लुगडा फाडलात?” सगुणा म्हणाली.

“जुना व्हता गो.”

“जुना व्हता, पन माजा व्हता.”

तिला वाईट वाटलं. मला मात्र खरं सांगायचं तर आनंद झाला. पेटीतल्या अंधारातून मी एकदम त्या काळ्याभोर मोटारीच्या अंगावर आले. काय तो रंग! आपल्या काजळासारखा, पण आत पाणी असल्यासारखा. बार रूममधले वकील कोर्टातून बाहेर पडले की मोटारीपाशी थांबायचे, मोटार बघतोय असं दाखवायचे आणि तिच्या अंगात बघून पगडी सारखी करायचे. तो आरसा मी राखत होते. माझ्या नशिबी एवढा मान असेल असं गोधडीतल्या कुठल्या तुकड्याला स्वप्नात तरी वाटलं असतं का?

आमच्याकडचे रस्ते जांभ्याचे, तांबडे. माघ-फाल्गुनात मोटार बंदरावर जाऊन आली की अंगावर धुळीचा थर बसे. भागोजी रोज सकाळी मला घेऊन ती धूळ पुसायचा. कोरडीच. पाण्याचा थेंब लावायचा नाही, कारण खाऱ्या हवेत पाणी लागलं की पत्रा गंजतो हे त्याने बंदरावरच्या नांगरांपासून घराच्या कड्याकोयंड्यांपर्यंत लहानपणापासून बघितलं होतं. आणि हात फिरवायचा तो गोल गोल. त्याची आई अंगण सारवायची तसा. त्याला पुसणं म्हणजे तसंच माहीत होतं.

सगुणा दारात उभी राहून बघायची. “सवतीची आंगोळ झाली काय?” असं विचारायची. भागोजी हसायचा. एकदा तिने म्हटलंही, “एक दिवस ह्या सवतीच्या तोंडावर बोरीच्या काट्यानं रेघा मारीन.” थट्टाच होती ती. पण त्याने तिच्याकडे मान वर करून कधी इतका वेळ बघितलं नव्हतं जितका वेळ तो मोटारीकडे बघे, आणि तिला ते लागत असे. ते मला कळत होतं, कारण मी तिच्याच अंगावर मऊ झाले होते. तरी माझा भाव काय होता? की बरं झालं, तुझ्या हातून सुटले आणि याच्या हाती लागले.

दोन वर्षं अशी सुखात गेली. मग एकोणीसशे चौतीस साली पंतांच्या मेहुण्यांनी मुंबईहून बोटीने एक पुडकं पाठवलं. त्यात पिवळं, मऊ, मोटारी पुसायचंच म्हणून केलेलं कातडं होतं. मी तिला पिवळी म्हणते. भागोजीने ते कातडं गालाला लावून बघितलं. मला त्याने कधी गालाला लावलं नव्हतं.

पिवळीला आधी भिजवायचं, मग पिळायचं, मग ती अंगावरून अशी सरकायची की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पाण्याच्या धास्तीने भागोजी तिला रोज वापरायचा नाही, रविवारी आणि पाहुणे आले म्हणजे काढायचा. पण वाळली की ती पापडासारखी कडक व्हायची म्हणून तिला सावलीत, दोरीवर, वेगळी जागा. आणि मला? मला चाकं पुसायला लावलं. चाकांची माती, मडगार्डाखालचा चिखल, सगळं माझ्या अंगात. मला खुंटीवर टांगायचीही तसदी तो घेईना. घाईची सकाळ असली की तशीच मला उचलून बॉनेटवर गोल गोल फिरवायचा आणि पंतांना कोर्टात न्यायचा.

तांबड्या धुळीचे कण माझ्या विणीत रुतून बसत होते. रंगावरून फिरताना ते करकरत होते. मला ते जाणवत होतं. पहिल्या दिवसापासून थोडं, आणि चाकं पुसायला लागल्यापासून फार. मी बोलू शकत नव्हते हे खरं, पण बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते. बॉनेटवर जायला मिळतंय, एवढंच मला हवं होतं.

एका संध्याकाळी पंत कोर्टातून निघाले. ऊन तिरपं होतं. सोबतचे एक वकील मोटारीवर वाकले आणि म्हणाले, “पंत, तुमच्या मोटारीवर कोळ्याने जाळं विणलंय वाटतं.” पंत वाकले. रंगात सूर्य दिसत होता आणि त्या सूर्याभोवती केसासारख्या बारीक रेघांची वर्तुळं, वर्तुळांत वर्तुळं. सावलीत ती दिसत नव्हती. उन्हात मात्र बॉनेटपासून दारांपर्यंत तेच.

पंत रागीट नव्हते, पण मोटारीवर त्यांचा जीव होता. घरी आल्यावर त्यांनी भागोजीला बोलावलं. “पुढच्या रविवारी दमूला बघायला गुहागरची मंडळी बोटीने येतायत. त्यांना बंदरावरून आणायला ही मोटार जाईल. तोवर हे गेलं नाही, तर मी मुंबईचा ड्रायव्हर मागवतो. मग तू तुझं बघ.”

दमू म्हणजे त्यांची मुलगी दमयंती. मोटार हाकण्यापलीकडे त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि अख्ख्या रत्नागिरीत मोटारी त्या किती?

त्याने पहिला संशय घेतला तो पिवळीचा. “ही आल्यापासनं झाला ह्या,” म्हणाला आणि तिला गुंडाळून अवजारांच्या पेटीत टाकून दिलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दोन दिवस त्याने सगळी मोटार माझ्याने घासली, जोर लावून, रेघा जाव्यात म्हणून. तिसऱ्या दिवशी उन्हात नेऊन बघितलं तर रेघा दुप्पट झाल्या होत्या.

मग त्याला काट्याचं ते बोलणं आठवलं.

“तूच केलास ह्या,” तो सगुणाला म्हणाला. “जळतेस तिच्यावर. रोज बगतंय मी.”

सगुणा भाकरी थापत होती. तिने परातीत हात तसेच ठेवले. “मी काटा मारीन म्हनलाव ता हसत म्हनलाव.”

“हसत म्हनलास नि केलास.”

तिने भाकरी भाजल्या, त्याला वाढलं, आपलं गाठोडं बांधलं आणि भाट्याच्या खाडीवर तर, म्हणजे पैलतीरी नेणारी होडी, धरून माहेरी पावसला निघून गेली. मी दाराशी पायरीवर पडले होते. ती माझ्यावरून गेली. एवढी जळत होते मी सगळ्यांवर, पण त्या वेळी मला स्वतःचीच किळस आली. वर्तुळं माझी होती. आणि बोल लागला तो जिने मला पाच वर्षं धुतलं तिला.

रविवारला चार दिवस उरले. भागोजी काशीरामकडे गेला आणि त्याला मोटारीपाशी घेऊन आला. हा काशीराम मूळचा सावंतवाडीकडचा, आता रत्नागिरीत राहणारा, लाकडी खेळणी, करंडे, पाळण्याचे खूर रंगवणारा. म्हातारा माणूस, बोलणं तिकडचं. तो मोटारीभोवती एकदा फिरला, एका डोळ्याने उन्हात बघितलं आणि विचारलं, “पुसतंस कित्यान?”

भागोजीने मला पुढे केलं. काशीरामने मला उन्हात झटकलं. तांबडा धुरळा उडाला. मग त्याने पिशवीतून एका करंड्याचं काळं झाकण काढलं आणि माझ्याने चार वेळा गोल घासलं. झाकणावर तीच वर्तुळं.

“बघ,” तो म्हणाला. “कापड झकास आसा, पण धूळ भरलली आसा. धूळ खंयची? दगडाचीच मा? तू रोज दगडान घासतंस.”

“मी वल्ला करीत नाय. पत्रा गंजंल म्हनून.”

“पत्र्यार रंग आसा मरे. आदी पाण्यान धूळ जावक होई, मग हात लावचो.”

भागोजी पायरीवर बसला. “मी तिला बोल लावला,” एवढंच म्हणाला. कोणाला ते काशीरामने विचारलं नाही.

मग काम सुरू झालं. आधी मोटारीवर घागरीच घागरी पाणी ओतलं, हात न लावता. मला रिठ्याच्या पाण्यात उकळलं, पाच पाण्यांतून काढलं. पहिलं पाणी तांबडं निघालं, पाचवं निवळ. किनाऱ्यावर माकूल नावाच्या समुद्री जिवाच्या पाठीतला पांढरा हलका तुकडा वाहून येतो, त्याला समुद्रफेस म्हणतात. काशीरामने तो कुटला, पाण्यात ढवळला, जाड गाळ खाली बसू दिला आणि वरच्या पाण्यात तरंगणारी पिठूळ भुकटी तेवढी वाळवून घेतली. बोटांत धरली तर आहे की नाही कळू नये इतकी बारीक. ती खोबरेलात कालवून माझ्या टोकावर घेतली.

“ओरखडो भरूक येणा नाय,” तो भागोजीला म्हणाला. “बाजूचो रंग जरासो खाली आणूचो, मगे तो दिसाचो नाय. म्हणान ह्या परत परत करूचा नाय, रंग संपतलो. आणि गोल नको. सरळ. मोटार जाता तशी.”

वीतभर जागा घ्यायची, हलक्या हाताने सरळ घासायचं, पुसायचं, उन्हात बघायचं, पुन्हा घासायचं. तीन दिवस तेच. भागोजीचा हात सारखा गोल वळायचा आणि काशीराम त्याच्या मनगटावर टिचकी मारायचा. खोल गेलेल्या दोन रेघा राहिल्या, त्या काशीरामने राहू दिल्या. आणि शेवटी काय, तर पेटीतून पिवळीला काढलं, भिजवलं आणि शेवटचा हात तिचा फिरला! मी तीन दिवस राबले आणि चकाकी तिच्या नावावर. हे मी विसरलेले नाही.

शनिवारी संध्याकाळी पंत तिरप्या उन्हात मोटारीवर वाकले. सूर्य रंगात स्वच्छ दिसत होता. त्यांनी टोपी सारखी केली. “उद्या आठला बंदरावर चल,” म्हणाले. भागोजीची नोकरी राहिली.

रविवारी पाहुणे आले, गेले. सोमवारी सुट्टी मागून भागोजी पावसला निघाला. मला खिशात घातलं होतं. तरीने खाडी ओलांडून पुढे पायी गेला. सगुणा माहेरचं अंगण सारवत होती. पाठमोरी, उकिडवी, हात अर्धगोल फिरत होता. भागोजी बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला. मोटारीकडे बघायचा तसा.

“तू नाय केलास,” तो म्हणाला आणि मला पुढे धरलं. “ह्या फडक्यानं केलान. धूळ व्हती ह्याच्यात.”

सगुणाने शेणाचा हात बाजूला धरला, दुसऱ्या हाताने मला घेतलं. तांबडा काठ ओळखला. नाकाशी धरून वास घेतला. मला वाटलं, आता ही मला शेणात टाकणार.

“चिंधीला हात असतात काय?” तिने विचारलं. “हात कुनाचा व्हता?”

“माजा,” तो म्हणाला.

“आनि बोल कुनी लावलान?”

“मीच.”

तिने मला कमरेला खोचलं. “थांबा. सारवन पुरा होऊं दे. मग निघू.”

तेव्हापासून मी तिच्याकडे आहे. भागोजीने एकदा मागितली तर म्हणाली, “सवतीला तिचा कातडा हाय.” आता मी संध्याकाळी कंदिलाची काच पुसते. मोटारीला आधी पाणी, मग पिवळी, असं रोज चालतं, आणि भोंगा वाजला की अजूनही माझ्या अंगाला पीळ पडतो. मेली पिवळी. पण काच पुसून झाली की सगुणा ती दिव्यासमोर धरते, भागोजी मागून डोकावतो, आणि काचेत दोघांचे चेहरे दिसतात. तो आरसा माझा. तिथे पिवळीचं काही चालत नाही.

एक विनंती आहे. तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी असेल. तिला कशावरही फिरवण्याआधी पाण्यातून काढा. सगुणा मला रोज काढते. आपल्या अंगात काय रुतून बसलंय ते आम्हाला कळतं, पण स्वतःचं स्वतःला झटकता येत नाही.