इंडिकेटर देणारी बस

"या घरात एकतर तो खेळाचा डबा राहील, नाहीतर मी!" असं गरजून अप्पा निघून गेले. निवृत्त बसचालक, शब्दाचे पक्के. टीव्हीला जोडलेला तो व्हिडिओ गेमचा डबा दुरून चालवणारा, माझा हातात धरून खेळायचा स्क्रीनही गायब होता. रागाने फेकला असणार. दोन दिवस पोलीस ठाणी, दवाखाने पालथे घातले. आईच्या घशाखाली घास उतरेना.

तिसऱ्या दुपारी हॉलमधला डबा आपोआप सुरू झाला. टीव्हीवर बस निघाली, प्रत्येक वळणाला इंडिकेटर देत. म्हणजे माझा हरवलेला स्क्रीन कुणीतरी चालवत होतं. तो स्क्रीन फक्त आमच्याच वायफायवर चालतो, आणि ते शेजारच्या घरापलीकडे पोचत नाही!

"आई, अप्पा शेजारच्या काकांकडे आहेत. मला ऐतखाऊ म्हणणारा माणूस खेळतोय!"

आईने उठून वायफाय बंद केलं.

भिंतीपलीकडून अप्पा ओरडले, "अरे, नेट कुणी घालवलं?"