बोलता फोन

हरिश्चंद्ररावांना दिसत नव्हतं. मुलाने, स्वप्नीलने, त्यांना नवीन फोन आणला होता. काचेवर बोट फिरवलं की खाली काय आहे ते फोन बोलून सांगायचा. पूनम सागर सोसायटीतल्या घरात ते दिवसभर स्वतःच नाट्यगीतं शोधून लावायचे.

एके दिवशी सकाळी घरूनच चाललेल्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्या आवाजाला वैतागून सून संपदाने फोनचं बोलणंच बंद केलं आणि नंतर ती ते सुरू करायला विसरली.

संध्याकाळी ते मुका फोन हातात धरून बसले होते. "माझ्या हातून फोन बिघडला गं. स्वप्नीलला सांगू नकोस."

"बाबा, मीच त्याचा आवाज बंद केला होता, मीटिंग होती म्हणून."

त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "मग मी हेडफोन लावत जाईन."

संपदाने आवाज सुरू करून दिला. त्यांना दिसत नव्हतं, तरी तिला त्यांच्यासमोर मान वर करवेना.