वजनात बसेल तेवढंच

गाडीतल्या संडासाचं दार उघडलं आणि संयोगिता जागच्या जागी थबकली. आत ज्वारीचं पोतं उभं होतं. पोत्यावर गुळाच्या ढेपा, ढेपांवर म्हसवडाकडची घोंगडी आणि सगळ्यांच्या डोक्यावर कुणाच्या तरी लोणच्याची बरणी, दोरीनं करकचून बांधलेली. कमोड कुठं गाडला गेला होता ते देवालाच ठाऊक.

"आवं, हिकडं या आदी!" ती अशी ओरडली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

दादासो आले ते हसतच आले. या माणसानं मिल्ट्रीत वीस-बावीस वर्षं ट्रक हाकला. बर्फात हाकला, वाळूत हाकला. पण गावात कुणाला 'न्हाई' म्हणायची पाळी आली की याची जीभ टाळ्याला चिकटायची. आपल्याकडं फौजेतून रिटायर झालेला प्रत्येक जण 'मेजर', तसे हेही मेजर. "मेजर, येवढं घिऊन जावा की" असं कुणी म्हटलं रे म्हटलं की मेजर लोण्यासारखे विरघळले.

"साळूआत्तीचं पोतं हाय गं," ते म्हणाले. "सेलमला तिच्या जयराजला द्यायचं. वरचं बाकीच्यांचं. म्हातारीला कसं न्हाई म्हनू?"

"आन मी कुठं जाऊ?"

"वाटंनं पेट्रोल पंप काय थोडे हायेत? थांबू की."

संयोगितानं संडासाचं दार दाणकन लावलं. संताप मस्तकात गेला होता.

आता हा संताप कशाचा, ते सांगायला पाहिजे. सहा वर्षांपूर्वी तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण तेव्हापासून तिला लघवी धरवत नव्हती. अर्धा तास गेला की जायलाच पाहिजे, नाहीतर पातळ भिजलं. डॉक्टर झाले, काढे झाले, फरक पडला नाही. एकदा लग्नाला म्हणून एस्टीत बसली, आणि विट्याच्या स्टँडवर उतरून, ओल्या पातळावर शाल गुंडाळून, रिक्षानं परत आली. त्या दिवसापासून गावाची वेस तिनं ओलांडली नाही म्हटलं तरी चालेल. हे तिनं नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गोष्ट आहे का ती?

आणि एकुलती एक लेक, क्रांती, कोइमतूरला. जावयाचं तिकडं सोनं-चांदी गाळायचं दुकान. आपल्या कडेगाव-खानापुराकडची निम्मी घरं याच धंद्यावर उभी आहेत. पोरं भट्टी पेटवायला देशभर गेली, म्हातारी माणसं इथं उसाला पाणी पाजत राहिली. क्रांतीनं तिकडं घर बांधलं. वास्तुशांत झाली, नातवाचं जावळ झालं, आणि आईनं सगळं बघितलं ते मोबाईलच्या काचेतून. क्रांती फोन फिरवून दाखवायची, "आई, हे बघ सैपाकघर." आई म्हणायची, "लय झ्याक हाय गं." फोन ठेवला की परसात जाऊन रडायची.

मग दादासोंनीच युक्ती काढली. शाळेची एक जुनी मिनीबस घेतली आणि गावातल्याच बशीरभाईंच्या गॅरेजात उभी केली. बशीरभाईंनी मागचे बाक काढून दोन पलंग बसवले, पुढं पट्ट्याची तिघांची सीट ठेवली, शेगडीचा ओटा केला, पलंगाखाली पाण्याची टाकी बसवली आणि मागच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली, आतून कडीची. सगळं आरटीओतून रीतसर पास करून घेतलं. गाव म्हणालं, मेजरला म्हातारपणी हौस आली. संयोगिता म्हणाली, म्हणू दे.

आणि हौस म्हणणाऱ्यांनी तिला बघायला पाहिजे होतं. गाडी नवरा चालवणार, पण गाडीची काळजी हिनं स्वतःच्या डोक्यावर घेतली. रोज गॅरेजात जाऊन बशीरभाईंच्या मागं उभी राहायची. गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का बघायला शिकली. टायरच्या अंगावरचा आकडा वाचून टायर कुठल्या साली झाला ते सांगायला शिकली, आणि मागचे दोन टायर दिसायला नवे पण वयानं म्हातारे आहेत म्हणून बदलायला लावले. बॅटरीच्या टोकांवर चढलेली पांढरी भुकटी गरम पाण्यानं धुतली. फॅनबेल्ट जास्तीचा घेतला, फ्यूज घेतले, मैल्याच्या टाकीची तोटी शंभरदा उघडझाप करून बघितली. बशीरभाई म्हणाले होते, "वयनी, आता फकस्त हातात पाना घ्यायचा ऱ्हायलाय तुमचा." तिनं पानाही घेतला आणि चाकाचे बोल्ट आवळून बघितले.

एवढं सगळं करून, परवा निघायचं, आणि संडासात ज्वारी!

"पंपावरच थांबायचं हुतं," ती शेवटी म्हणाली, "तर मी यष्टीनं गेले नसते व्हय?"

दादासोंचं हसू मावळलं. पण माणूस अजून अडून होता. "आगं, पलंगाखाली, वट्याखाली, नीट लावलंय मी समदं. वजनाचा बी इचार केलाय. पान्याची टाकी निम्मी रिकामी केली."

"पानी काढलं? माझं पानी काढून लोकांचा गूळ भरला?"

"लोक काय म्हनतील?"

"लोक काय म्हनतील ते मागनं बघू. काटा काय म्हनतो ते आदी बघू. काढा गाडी."

तिनं वाटेत बशीरभाईंना गॅरेजातून उचललं आणि गाडी कारखान्याच्या वजनकाट्याकडं निघाली. सीझन चालू होता. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, सगळीकडं मळीचा वास. पहिल्याच खड्ड्यात मागून धाडदिशी आवाज आला. चाकावरचे पाटे दबून दबून लोखंडाला टेकले होते. कारखान्यासमोरचा उतार उतरताना दादासोंनी ब्रेकवर पाय ठेवला, गाडी थांबली, पण उशिरा थांबली. पायातला तो उशीर त्यांना बरोबर कळला. त्यांनी बायकोकडं बघितलं नाही.

बशीरभाई खाली उतरले, मागच्या चाकाजवळ नाक नेलं, हात लावला आणि चटकन मागं घेतला. "ब्रेकचं लायनर जळायला लागलंय मेजर. आवं, ही गाडी हाय का ट्रॉली?"

काट्यावरच्या माणसाची तर करमणूकच झाली. "काका, ऊस कुठल्या जातीचा?" तो म्हणाला. पण आकडा बघितला आणि त्यालाही हसायचं सुचेना. गाडी सोसते त्याच्यावर पाच क्विंटल माल होता.

"सेलमच्या अलीकडं लांबच्या लांब उतार हाय," बशीरभाई म्हणाले. "आपले डायवर सांगत्यात, तिथं भरलेल्या गाड्यांचं ब्रेक सुटत्यात. येवढं घिऊन तुमी तिथवर पोचाल मेजर. फुडचं मी बोलत न्हाई."

परत येताना दादासो गाडी हळूहळू हाकत होते. पाराजवळ आल्यावर त्यांनी गाडी थांबवली, आणि एवढा गडी स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणाला, "चूक झाली माझी. पर परत द्यायला मला सांगू नगंस. माझ्यात न्हाई ती ताकद."

"माझ्यात हाय," संयोगिता म्हणाली. "तुमी गाडी घरापुढनं न्या. उतरनार मी."

बशीरभाई मागून खाकरले. "वयनी, एक बोलू? रागावू नगा. पलंगाखाली ते जातं हाय... ते कुनाचं?"

जातं तिचंच होतं. क्रांती लहानपणी त्याच्या खुंट्याला लटकून ओव्या ऐकायची, म्हणून नव्या घरात ठेवायला तिनं दादासोंकडून गुपचूप उचलून ठेवून घेतलं होतं. दोन्ही तळ्या मिळून एका माणसाचं वजन. संयोगिताचा चेहरा पडला. क्षणभर वाटलं, हे एवढं राहू दे, बाकी सगळं काढते. मग तिचा तिलाच राग आला.

"उतरवा," ती म्हणाली. "पयलं तेच उतरवा. हितं, पारावर, लोकांच्या डोळ्यांदेखत."

दोघा गड्यांनी जातं पारावर ठेवलं. तिनं त्याच्यावरून एकदा हात फिरवला, डोळे पुसले आणि गाडीत चढली.

मग जी वरात निघाली ती गावानं कधी बघितली नव्हती. मेजर समोर नाकाच्या रेषेत बघत गाडी चालवतायत, बशीरभाई मागून डबे-पिशव्या देतायत, आणि संयोगिता एकेका उंबऱ्यावर जाऊन ठेवतेय.

सुलाबाईनं कमरेवर हात ठेवले. "आमची चटनीच तेवढी जड झाली व्हय गं?"

"व्हय. तुमची बी आन माझी बी. माझं जातं पारावर पडलंय, जाऊन बगा."

"हुबळीत माझी बहीण वाट बघाय लागली असंल!"

"तिला निरोप सांगा. जितका सांगायचाय तितका सांगा, मी अक्षरही न गाळता पोचवते. डबा न्हाई न्हेनार."

राजेश्वरीवहिनींनी तर दारच लावून घेतलं. संयोगितानं गुळाची ढेप दारात ठेवली आणि बंद दाराला सांगून आली, "वयनी, परत आले की या च्याला." वाईट वाटलं का? वाटलं की. ज्या बायकांनी तिच्या आजारपणात भाकरी पोचवली त्यांचीच तोंडं वाकडी झाली होती. पण प्रत्येक घरानंतर गाडी बोटभर वर उठत होती, आणि ते तिला दिसत होतं. मागून बशीरभाई जे उरलं ते लावत होते. जड ते खाली, दोन चाकांच्या मधोमध. हलकं ते वर. घरची घोंगडी मात्र एकच ठेवली, पांघरायला.

शेवटचं घर साळूआत्तींचं. गावाच्या टोकाला दोन खोल्या, दारात तुळस, आणि उंबऱ्यात पाय पसरून बसलेली म्हातारी. बशीरभाईंनी आणि दादासोंनी पोतं धरून सोप्यात नेऊन ठेवलं. साळूआत्ती रागावली नाही, काही नाही. पोत्यावर हात ठेवून बसून राहिली.

"आत्ती, चुकलं आमचं," संयोगिता म्हणाली. "घ्यायलाच नगं हुतं. पर ते पोतं..." तिनं गड्यांना गाडीकडं जायची खूण केली आणि आवाज खाली आणला. "ते पोतं माझ्या संडासात हुतं. आन मला त्याच्याशिवाय भागत न्हाई."

"ठावं हाय मला."

"काय ठावं हाय?"

"यष्टीत चढायच्या आदी तू कितींदा आडोशाला जायचीस ते बघितलंय म्या. आन मग चढायचीच सोडलीस." म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "मला बी तसंच हाय. लय वर्सं झाली. जयराज लय बलावतो, आई ये, आई ये. रेल्वेचं तिकीट बी काढलं हुतं त्यानं. म्या गुडघं दुखत्यात म्हनून सांगितलं. पोराला काय सांगायचं? म्हनून दर साली ज्वारी धाडते. माझ्या हातची तेवढीच जाती त्याच्याकडं."

संयोगिता तिथंच उंबऱ्यावर बसली. सहा वर्षं तिला वाटत होतं की या गावात आपण एकटीच अशी. आणि इथं गावाच्याच टोकाला ही म्हातारी गुडघ्यांच्या आड तेच लपवून बसलेली. तिला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा ते कळेना.

ती उठली. गाडीपाशी जाऊन दादासोंना म्हणाली, "पुढची तिसरी सीट मोकळीच हाय ना?"

दादासोंनी एकदा म्हातारीकडं बघितलं, एकदा बायकोकडं. "वजनात बसंल," ते म्हणाले. "पानी भरून घेतलं तरी बसंल."

"आत्ती, उठा. चला गाडीत."

"मी? आता?"

"बगून तर घ्या. परवा सकाळी निगायचंय. मधी कुठंबी, कवाबी, कुनाला न सांगता, कुनाला न थांबवता उठून जायचं."

साळूआत्ती पायरी चढली ती दोन्ही हातांनी दांडी धरून. पलंग बघितला, शेगडी बघितली, सीटवर बसून पट्टा ओढून बघितला. मग मागं गेली. पत्र्याचं दार लोटलं, आत शिरली आणि दार लावून घेतलं. दादासो आणि बशीरभाई उगाच रस्त्याकडं बघू लागले.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. म्हातारीचे डोळे भरले होते.

"आतनं कडी हाय गं," ती म्हणाली.

"हाय."

"मग येते मी."