पान कोण धरणार?

खुटबावच्या त्या शेतात उसाच्या सऱ्यांमध्ये कांदा होता, दोन संशोधक होते, आन् पानांचा श्वास मोजणारं मशीन मात्र एकच. सगळी भांडणं तिथूनच. एक दिवस मशीन उसावर काम करणाऱ्या सत्यजीतकडं, एक दिवस कांदावाल्या गौतमीकडं. ज्याच्या हातात मशीन त्याची सकाळ, दुसऱ्यानं बांधावर बसून चडफडायचं. एकमेकांचे आकडे बघणं तर लांबच राहिलं.

आज पाळी सत्यजीतची, आन् नेमक्या आजच कांद्याच्या माना पडायला लागल्या. मान पडली की पात सुकते, मग मोजणार काय, कपाळ? गौतमीचं नवं वाण तिसऱ्या सरीत सारखं मागं पडत होतं. आजही मागंच दिसलं तर दोघांचे वरिष्ठ सर ते काढून टाकणार होते. दोन वर्षांची मेहनत मातीत! पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हतीच. शिरूरहून गाडी दामटत ती आली आन् थेट सत्यजीतपुढं उभी राहिली.

"मशीन दे."

"न्हाई. तुझी पात म्हंजी पोकळ नळी. मशीनच्या चिमट्यात बसत न्हाई, हवा गळते, अर्धा दिवस जातो."

"एकटीनं केलं की जातो. तू पात धर, मी चिमटा लावते. एक पान तुझ्या उसाचं, एक माझ्या कांद्याचं. चल!"

सत्यजीत वाकला. त्यानं पात अलगद दाबून धरली आन् चिमटा पहिल्या झटक्यात बसला. दोघं भराभर पुढं सरकले. तिसऱ्या सरीत मात्र कांद्याचा आकडा घसरला. गौतमीनं लगेच शेजारच्या उसाचं पान लावलं. त्याचा आकडाही घसरलेला!

"ह्या सरीत माझा ऊस कायमच असा," सत्यजीत म्हणाला. "मला वाटलं, बेणंच कमजोर हाय."

"आन् मला वाटलं, माझं वाण!"

गौतमीनं खाली बसून ठिबकची नळी उचलली. क्षारानं तिची भोकं गच्च बुजलेली. सरीत पाणीच पोचत नव्हतं, आन् दोघं आपापल्या पिकाला शिव्या घालत बसले होते.

तिनं तिथूनच सरांना फोन लावला. "सर, वाण काढायचं नाही. नळी बुजली होती. पुढच्या हंगामात पुन्हा लावणार."

"लावा," सर म्हणाले. गौतमीला एवढा आनंद झाला की तिनं सत्यजीतच्या पाठीत धपाटाच घातला.

कांद्याचं मोजमाप त्याच दिवशी संपलं, आता मशीन रोज सत्यजीतचंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निवांत चहा पीत होती, तेवढ्यात सत्यजीतचा फोन आला.

"मशीन चालू करून उभाय. पान कोण धरणार?"

गौतमीनं कप तसाच ठेवला आन् गाडीची किल्ली उचलली.