बोटं माझी होती

"त्या ताईंची दोन बोटं गेली, आणि त्याच बोटांनी देवाने माझ्या दारावर टकटक केली," एवढं बोलून कारखान्यातल्या सुपरवायझरला पुढे बोलवेना. त्याने खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला.

चर्चमधल्या सगळ्या माना मागे वळल्या. काकू मधल्या एका बाकावर बसल्या होत्या, उजवा हात नेहमीसारखा स्वेटरच्या खिशात. शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्याचा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. त्याने जन्मभर बस चालवली होती. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी समोर काहीतरी आडवं येतंय असं वाटलं की त्याचा पाय ब्रेक शोधायचा.

उपासनेच्या शेवटी पाळक दहा मिनिटं सगळ्यांसाठी मोकळी ठेवत. त्या वेळेला ते 'शिदोरी' म्हणत. आठवडाभराच्या कामाधंद्यात, घरात, रस्त्यात देवाने आपल्याला काय शिकवलं ते ज्याला वाटेल त्याने उभं राहून सांगायचं. दातांच्या दवाखान्यातली मदतनीस किडलेल्या दाढेवरून पापापर्यंत पोचायची. एक शिंपी दर महिन्याला तिरक्या शिवणीवर बोलायचा, आणि त्याने शिवलेले कपडे घातलेली मंडळी खाली बघत हसायची. एके काळी काकूसुद्धा उभ्या राहायच्या. त्या खोक्यांच्या कारखान्यात होत्या. सपाट पडलेल्या पुठ्ठ्याला घडीची रेघ कशी आधीच मारलेली असते, डिंक लावल्यावर थोडा वेळ दाबून का धरावं लागतं, असलं काही त्या सांगायच्या आणि लोकांना ते घरी जाऊनही आठवायचं. अपघातानंतर त्या उठल्या नव्हत्या. बाई कडवट झाली, असं बायका म्हणत. काकूंच्या कानावर ते आलं होतं.

अपघात काही वर्षांपूर्वी पुठ्ठा कापायच्या प्रेसवर झाला होता. प्रेसच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते. ती खाली असली की हात आत जात नाही. पण दर खेपेला ती उचला, पुठ्ठा सरकवा, पुन्हा खाली घ्या, यात वेळ जातो. मोठी ऑर्डर आली तेव्हा सुपरवायझरने जाळी वर उचलून तारेने बांधून टाकली. पुठ्ठा अडकला, काकूंनी तो ओढायला हात घातला आणि पातं खाली आलं. चौकशीत सुपरवायझरने सांगितलं की बाईंचं लक्ष नव्हतं. काकूंना डिंकाच्या टेबलावर बसवलं गेलं. त्या दिवसापासून त्यांना स्वतःची वेणी घालता येत नव्हती. ती नवरा घालायचा, आणि ती हमखास डावीकडे जायची. काकू म्हणायच्या, तुमच्या बसचा रूटच तो, वेणी तरी दुसरीकडे कशी जाणार.

यंदा सुपरवायझरच्या छातीत कळ आली आणि तो मरता मरता वाचला. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाने त्याच्यासाठी प्रार्थना केली. बरा झाल्यावर तो चर्चला यायला लागला. त्याचं रडणं खोटं नव्हतं, हे काकूंनाही कळत होतं. खोटं असतं तर सोपं गेलं असतं.

सुपरवायझर चर्चमध्ये बोलला त्याच संध्याकाळी पाळक काकूंच्या घरी आले. चांगला माणूस. अपघातानंतर रोज दवाखान्यात यायचे, काकूंना बोलायचं नसलं तर नुसते बसून राहायचे. चहा घेता घेता त्यांनी सांगितलं की पुढच्या रविवारी सुपरवायझरचा बाप्तिस्मा आहे. त्या वेळी काकूंनी पुढे यावं, त्याचा हात हातात घ्यावा, दोन शब्द बोलावेत. मंडळीला केवढा मोठा धडा मिळेल. तरुण पोरं चर्चपासून लांब चाललीत, त्यांना असं काही डोळ्यांनी बघायची गरज आहे.

काकूंनी विचारलं, "प्रेसची जाळी खाली आली का, हे त्यांना विचारलंत?"

पाळक गोंधळले. तो कारखान्याचा प्रश्न आहे, असं ते समजुतीने म्हणाले. आपण इथे आध्यात्मिक गोष्ट बोलतोय.

"पाळकसाहेब, बोटं आध्यात्मिक नव्हती," काकू म्हणाल्या. "बोटं माझी होती."

नवऱ्याचा पाय टेबलाखाली दाबला गेला. पाळकांनी कप खाली ठेवला आणि विचार करून बघा, एवढंच म्हणून ते निघाले.

काकूंना जाळीचं एवढं लागून राहिलं होतं त्याला कारण होतं. त्या प्रेसवर आता त्यांची पुतणी काम करत होती. धाकटा दीर वारल्यावर पोरीचं काकूंनीच केलं होतं. मुलीने हट्टाने तिथेच नोकरी धरली, कारण प्रेसवर पगार बरा होता. जाळीचं विचारलं की ती म्हणायची, अगं काकू, मी नीट लक्ष देते. काकूंना त्या वाक्याची चीड यायची. त्यांनीही नीटच लक्ष दिलं होतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्या डिंकाचे हात पुसत प्रेसपाशी गेल्या. जाळी वरच होती. तार मात्र नवी, चकचकीत. पहिली गंजली म्हणून कुणीतरी आठवणीने बदलली होती.

सुपरवायझर त्यांना बघून लगबगीने आला. पाळक बोलले का तुमच्याशी, असं त्याने हळू आवाजात विचारलं. काकूंनी तारेकडे बोट केलं. त्याचा चेहरा पडला. त्याने सगळं सांगितलं. जाळी खाली घेतली की माल कमी निघतो. माल कमी निघाला की मालक त्यालाच धरतो. आजारपणानंतर तसंही मालक त्याला काढायला टेकलाय. दोन मुलं शिकतायत. थोडं स्थिरस्थावर झालं की तो नक्की बघेल.

"मी तुमची माफी मागितली, काकू. सगळ्यांसमोर मागितली. अजून काय करू?"

"ती काढा," काकू म्हणाल्या.

"देवाने मला माफ केलंय."

"त्याचं तो बघेल. उद्यापासून इथे तुमच्या मुलीला उभं कराल का?"

भोंगा झाला आणि पुतणी केस बांधत प्रेसकडे आली.

आठवडाभर भांडी घासताना, कपडे वाळत घालताना काकूंच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. प्रभू मरणातून उठून शिष्यांना भेटला तेव्हा त्याच्या हातांची भोकं तशीच होती, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. मरण उलटवणाऱ्याला दोन भोकं बुजवणं काय अवघड होतं? पण त्याने ती ठेवली, आणि संशय घेणाऱ्यापुढे हात केला, बघ म्हणून. मग आपण का हात खिशात घालून बसतो? लोकांना बघवत नाही म्हणून? शनिवारी वेणी घालून घेताना त्यांनी हे नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तू उद्या काय करणार आहेस ते मला सांगू नकोस, मला झोप लागणार नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. बाप्तिस्मा झाला. सुपरवायझर ओल्या केसांनी पुढे उभा होता, लहान मुलासारखा. पाळकांनी काकूंकडे पाहिलं. काकू उठल्या, पुढे गेल्या, आणि त्याच्या शेजारी न थांबता लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खिशातून हात काढून त्यांनी वर धरला. पुढच्या बाकावरच्या एका बाईने मान फिरवली.

"बघा," काकू म्हणाल्या. "मान फिरवू नका. प्रभूने आपला हात लपवला नव्हता. मी उगीचच इतकी वर्षं लपवला."

कुणीतरी खोकलं.

"यांना माफ केलं का, हे तुम्हाला ऐकायचंय. ते माझं आणि प्रभूचं चालू आहे. रोज चालू असतं. कधी होतं, कधी होत नाही. ते दाखवायला मी पुढे आले नाही. ज्या तारेनं माझी बोटं गेली, तशी तार अजून तिथे आहे. नवी आणून बांधलीय. तिच्याखाली माझी पोर रोज हात घालते. मला देवानं धडा शिकवायला बोटं घेतली असं कुणी म्हणू नका. देवाला बोटं नको होती. ऑर्डर वेळेवर हवी होती, आणि ती देवाची नव्हती."

पाळक एक पाऊल पुढे आले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या सुपरवायझरकडे वळल्या.

"तो जकातदार झाडावर चढला होता ना प्रभूला बघायला? तो तिथेच बसून रडत राहिला नाही, साहेब. खाली उतरला, आणि ज्याचं घेतलं होतं त्याला परत द्यायला लागला. माझं तुम्ही परत देऊ शकत नाही. तिचं अजून घेतलेलं नाही. खाली उतरा."

मग त्या जागेवर येऊन बसल्या. पाळकांनी घाईघाईने गीत सुरू करायला सांगितलं. पेटीवाल्याने वेगळीच पट्टी धरली आणि पहिलं कडवं कुणालाच नीट गाता आलं नाही. बाहेर पडताना कुणी काकूंशी बोललं नाही. दातांच्या दवाखान्यातली बाई काकूंच्या नवऱ्याला उद्देशून म्हणाली की पवित्र दिवसाचं मातेरं झालं. नवऱ्याने टोपी घातली आणि शांतपणे सांगितलं की बाई, मी फक्त गाडी चालवत होतो, हॉर्न तिचा होता.

सोमवारी काकू कामावर गेल्या त्या नवऱ्याच्या हत्यारांतली पक्कड पिशवीत घालून. डिंकाच्या टेबलाकडे न वळता त्या थेट प्रेसपाशी गेल्या. पुतणीला म्हणाल्या, बाजूला हो. डाव्या हाताने पक्कड धरून तार तोडायला त्यांना बराच वेळ लागला. तुटली तेव्हा जाळी एवढ्या जोरात खाली आदळली की सगळा कारखाना बघायला लागला. पुतणी रडवेली होऊन म्हणत होती, काकू, माझी नोकरी जाईल.

आवाज ऐकून मालक आला. कुणी तोडलं, असं त्याने विचारलं. मी, असं काकूंनी सांगितलं. त्याने त्यांना सामान उचलून घरी जायला सांगितलं, आणि सुपरवायझरला हाक मारून नवी तार आणायला फर्मावलं.

सुपरवायझर जागचा हलला नाही. त्याचा रंग उडाला होता, एक हात छातीवर होता. काकूंना क्षणभर वाटलं, हा इथेच कोसळणार.

"तार मी बांधली होती," तो म्हणाला. "त्या वेळीही मीच. काकूंचं लक्ष नव्हतं, हे मी खोटं सांगितलं. आता बांधणार नाही."

हे त्याने सगळ्यांच्या देखत सांगितलं. बंडलं बांधणाऱ्या बायका हातातली सुतळी तशीच धरून उभ्या होत्या. जुन्या अपघाताचं प्रकरण असं उघड्यावर आल्यावर मालकाला काकूंना काढायची सोय उरली नाही, आणि जाळी वर करायचीही. त्याने राग काढला तो सुपरवायझरवर. दुपारच्या आत त्याचा हिशेब केला.

आपल्याला बरं वाटेल, असं काकूंना वाटलं होतं. जाळी खाली होती, पुतणी तिच्यामागून सावकाश पुठ्ठा सरकवत होती आणि काकूंकडे रागाने बघत होती, कारण आता माल कमी निघणार. सुपरवायझर डबा आणि छत्री घेऊन टेबलांच्या मधून गेला. कुणाकडे बघितलं नाही. काकूंनी डिंकाचा ब्रश पाण्यात घातला, पुन्हा बाहेर काढला, पुन्हा घातला.

पुढच्या रविवारी त्या लवकर जाऊन बसल्या. नवऱ्याला सर्दी होती, तो घरीच राहिला. त्यांच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. पुढचे बाक भरले, मागचे भरले, भिंतीलगत लोक उभे राहिले. काकूंचा बाक मात्र रिकामाच राहिला. त्यांनी हात मांडीवर ठेवला होता, उघडा. पाळकांनी शिदोरीसाठी विचारलं, तेव्हा शिंपीसुद्धा उठला नाही.

तेवढ्यात दार वाजलं. सुपरवायझर आत आला आणि दाराशीच थबकला. गेल्या रविवारी ज्यांनी त्याला मिठ्या मारल्या होत्या ते गीतांच्या पुस्तकात बघत होते. नोकरी गेल्याचं सगळ्यांना कळलं होतं, आणि त्याला काय म्हणावं हे कुणालाच सुचत नव्हतं.

काकूंनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

तो आला आणि कडेला अंग चोरून बसला.

"जागा दिली म्हणजे सगळं मिटलं असं समजू नका," काकू समोर बघतच म्हणाल्या.

"नाही समजत," तो म्हणाला.

पाळकांनी गीताचा क्रमांक सांगितला. त्याच्याकडे पुस्तक नव्हतं. काकूंनी आपलं उघडलं, आणि दोघांना दिसेल असं मध्ये धरलं.