कापसाचा हात

"हलला! हलला!"

सभागृहातल्या खुर्च्या करकरल्या आणि मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यांवरून वाकून बघू लागले. व्यासपीठावर काळा पडदा, पडद्याला एक चीर आणि चिरीतून बाहेर आलेला पांढऱ्या हातमोज्यातला हात. तो मखमलीच्या गादीवर टेकवलेला. स्पर्शगुरूंनी त्यावर दोन पट्टे आवळले, नुसतं एक बोट लावलं आणि लुळं मनगट वर गेलं, खाली आलं, पालथा हात उताणा झाला!

"प्रयत्न करू नका!" गुरू माइकमध्ये गरजले. "जोर लावलात की कृपेचा धागा तुटतो. सगळं माझ्यावर सोडा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझं मात्र डोकं फिरलं, कारण तो हात आमच्या ह्यांचा होता.

आमचं शिवणकामाचं दुकान. कापड कापायचं ह्यांनी, शिवायचं मी. मेंदूचा झटका आला तेव्हापासून ह्यांचा उजवा हात मांडीवर पडून असायचा आणि कात्री खुंटीवर. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई बजावून सांगायच्या, "पहिल्या काही महिन्यांत मेंदू पटकन शिकतो. हे दिवस वाया घालवू नका." पण गुरू भेटले आणि ह्यांनी व्यायामाला रामराम ठोकला.

"तिथं घाम काढायचा, इथं नुसता हात ठेवायचा," हे म्हणाले. "गुरूंकडे बघ कसा चालतो!"

"अहो, तिथं चालतो, मग घरी साधा पेला का धरवत नाही?"

"घरात श्रद्धा कमी पडते. तुझी."

म्हणजे हात ह्यांचा आणि कमी माझ्यात! पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं! पण मनातून मी हादरले होते. हा माणूस हसतखेळत स्वतःचा हात घालवत होता.

मग एका संध्याकाळी सभागृहातलं बासरीचं संगीत मध्येच बंद पडलं. हात तर हलतच होता, आणि गादीखालून बारीक घुर्रर्र ऐकू येत होतं. शिलाई मशीनला मोटर बसवल्यापासून तो आवाज माझ्या कानात मुरलाय. गुरूंनी घाईघाईने मोठ्यानं मंत्र सुरू केला, पण मला ऐकायचं ते ऐकून झालं होतं. मी तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकलं आणि हसून म्हणाल्या, "पुढच्या सभेला मी येते. पण आधी लोकांच्या डोळ्यांना काहीतरी दाखवायला हवं."

ते माझ्यावर सोपवा, म्हटलं. गुरूंचे पांढरे हातमोजे आमच्याच दुकानात शिवले जायचे. एकात कापूस ठासला, बोटांत तारा घातल्या. कोटाच्या बाह्या इस्त्री करायला आम्ही भुसा भरलेली लांबट उशी वापरतो, तिच्या टोकाला तो मोजा टाचला आणि वरून जुन्या कोटाची बाही चढवली. पुढच्या सभेत आमचं नाव पुकारताच मी सांगितलं, "माझे मामा आहेत. फार अबोल." पडद्यामागे जाऊन मामांना चिरीतून पुढे सरकवलं.

गुरूंनी लोकांकडे बघत, सवयीने पट्टे आवळले.

"अरेरे, किती जुनी गाठ आहे ही! पण आता रक्त धावतंय. बोटांना ऊब येतेय. मामा, जाणवतंय ना?"

मामा अबोलच राहिले. मनगट मात्र झोकात वर गेलं, खाली आलं, उताणं झालं. टाळ्या पडल्या आणि मी सर्रकन पडदा ओढला.

खुर्चीवर उशी! टाळ्या हवेतच थांबल्या. पहिल्या रांगेतल्या आजी खुदकन हसल्या आणि मग अख्ख्या सभागृहाला हसू फुटलं. गुरूही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. हात उंचावून म्हणाले, "पाहिलंत? कृपा असेल तर कापसातही प्राण येतो!"

आणि खोटं कशाला सांगू, चार-पाच माना खरंच डोलल्या.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी मखमल उचलली. खाली जेवणाच्या डब्याएवढं यंत्र होतं, बाजूला एक कळ. "हा लकव्यानंतर मनगटाला व्यायाम देणारा छोटा रोबो आहे. स्वस्तातला, घरी नेता येणारा. आमच्याकडेही आहे. कळ इकडे केली की सगळं काम मोटर करते, हात कापसाचा असला तरी. सांधे आखडू नयेत म्हणून तेही उपयोगी. पण कळ तिकडे केली, की यंत्र आधी तुमच्या प्रयत्नाची वाट बघतं आणि कमी पडेल तेवढीच मदत करतं. मेंदू शिकतो तो त्यानं. यांनी तुम्हाला नेमकं तेच करू दिलं नाही. तुम्ही जोर लावून मोटरशी झगडला असतात तर चमत्कार अडखळला असता ना!"

गुरूंना तेवढ्यात दुसऱ्या गावची सभा आठवली.

लोकांत आलेले हे मात्र जागेवरच बसून राहिले. "मला तेवढीच आशा होती गं," म्हणाले. मला रडू आलं. मी खुशाल लोकांसमोर रडले.

बाईंनी ह्यांना यंत्रापाशी बसवलं, कळ फिरवली. "आता तुम्ही. हात उताणा करा."

ह्यांनी दात आवळले. मान लाल झाली, कपाळावर घाम आला. हात ढिम्म. मग यंत्रावर एक हिरवा ठिपका मिणमिणला आणि विझला.

"हे काय?" मी घाबरून विचारलं.

"यंत्राला त्यांचा जोर कळला. तो दिवा त्यांनी लावला." बाई सरळ म्हणाल्या, "पूर्वीसारखा हात होईल असं वचन मी देत नाही. रोज घाम काढायला लागेल."

मंडळी, हात टेका, डोळे मिटा आणि डोकं वापरू नका असं कुणी सांगितलं, तर आधी त्याची मखमल उचलून बघा. औषध असेल तर ते उजेडातही लागू पडतं.

ह्यांनी तेव्हा काही माझं हे भाषण ऐकलं नाही. घाम पुसला आणि बाईंना म्हणाले, "सरका जरा, उजेड येऊ द्या. पुन्हा लावतो."