सात इंच

टेपच्या टोकाचा पत्र्याचा हूक बास्केटबॉलच्या रिंगच्या गंजलेल्या कडेत अडकलेला, आणि खाली प्रणालीच्या अंगठ्याशी — दहा फूट सात इंच. तिने पुन्हा पाहिलं. खरं तर पाहायची गरज नव्हती. हे सात इंच तिला चौदा वर्षांपासून ठाऊक होते.

"आले नं बरोबर दहा?" खुर्चीत बसलेल्या सुखदेव सरांनी विचारलं. त्यांना आता आकडे दिसत नव्हते. "म्या सोता मोजून लावलं होतं."

सौंसरच्या शाळेच्या या मैदानावर आज नवा खांब उभा राहायचा होता, आणि गजानन मिस्त्री माल कालवून वाट पाहत होता. "ताई, सांगा लवकर. जुन्याच्या मापानंच लावून देतो."

दहा, एवढंच म्हणायचं. नवा खांब नियमाच्या मापाने बरोबर लागेल, सरांचं मनही राहील. पण मग तिचे आभार अर्धेच राहतील... छिंदवाड्याची ट्रायल, राज्याचा संघ, खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेची नोकरी, नऊ मोसम, आणि गेल्या महिन्यात गुडघ्याने हात टेकले तोवर प्रत्येक सत्कारात ती म्हणत आली होती, 'सरांमुळे.' कशामुळे ते कधीच नाही. सर कापसाच्या शेतातले. काळी माती पावसाळ्यात खांब गिळते हे त्यांना पाठ, म्हणून त्यांनी रिंग मुद्दाम वर ठेवली — बसेल खाली आपोआप, दहावर. खाली लागले दगड, खांब इंचभरही हलला नाही, आणि रोज संध्याकाळी त्या उंच रिंगकडे बॉल फेकता फेकता तिचा हात असा घडला की बॉल आभाळात जाऊन अलगद खाली यायचा, टोपलीत संत्रं ठेवावं तसा. याच एका शॉटवर तिची भाकरी होती. म्हणजे सरांच्या चुकीवर. आणि चूक न सांगता त्या चुकीचे आभार कसे मानायचे?

"दहा फूट सात इंच, सर," ती म्हणाली. मग भरभरून, अडखळत सगळंच सांगून टाकलं — माती, दगड, तिचा शॉट. "तुमची ती चूक नसती तर मी कुठंच नसती, सर."

तिला वाटलं, सर हसतील. गजाननने फावडं खाली ठेवलं.

"मंग करुणाचं?" सर म्हणाले.

करुणा तिच्याच वर्गातली, याच रिंगवर शिकलेली, तिच्याहून उंच, तिच्याहून चपळ. छिंदवाड्याला एकाच बसने दोघी गेलेल्या, आणि तिथे करुणाचा एकेक बॉल रिंगवरून पलीकडे...

"म्या तिले भेकड म्हणलो होतो. सगळ्याइसमोर. कुठं राह्यते आता?"

"लोधीखेड्याला."

"तिले कोणीच नाही सांगितलं काय?"

सर कोणाला विचारत होते? स्वतःलाच बहुतेक... पण छिंदवाड्यात तिसऱ्या शॉटलाच प्रणालीला कळलं होतं की तिथली रिंग खाली आहे, तिने जोर कमी केला होता, आणि चौथा आत पडला तेव्हा शेजारी उभी करुणा कुजबुजली होती, "काहून वं, तुहेच कसे जाऊन राहिले?" — आणि ती म्हणाली होती, "मले काय माहीत!" संघात जागा एकच होती. सतरा वर्षांची होती ती. हे दोन्ही खरं होतं आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता.

"ताई, दहा ठेवू नं?" गजाननने विचारलं.

"दहाच ठेवा."

सरांवरची माया तसूभर कमी झाली नव्हती, उलट आता त्यांच्या पायांशी बसावंसं वाटत होतं. पण आभार नावाचं जे काही इतकी वर्षं तिने या एकाच माणसापुढे ओतलं, त्यातलं किती मागे राहिलेल्या करुणाचं होतं? लोधीखेडा इथून काही लांब नाही. जाऊन तिला काय म्हणायचं — उपकार झाले की माफ कर? दोन्ही शब्द तिने मनात म्हणून पाहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला ते वेगवेगळे वाटले नाहीत.